मोटारीची खांदेमळणी

निपाणीच्या सकाळीला आधी वास येतो, मग उजेड. वखारींची दारं उघडली की तंबाखूचा तिखट दर्प गल्लीगल्लीतून हिंडायला लागतो. घरात नवी सून असली तर ती शिंकते, जुनी असली तर तिला तो जाणवतही नाही. मालुबाईंना तो जाणवेनासा होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. मारुतीराव न्हाणीत तांब्यावर तांब्या ओतून घेत होते, आणि मागच्या शेडात मष्णू मोटारीच्या काचा पुसत होता. हे शेड म्हणजे पूर्वीचा बैलांचा गोठा. दावणीचे खुंटे अजून तिथंच होते, आणि मष्णू आपली फडकी त्यांना अडकवून ठेवायचा.

एवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

निपाणीत दिवसाउजेडी कडी वाजवायची रीत नव्हती. आलेला माणूस खाकरायचा, चपला काढायचा आणि आत यायचा. कडी वाजली म्हणजे पाहुणा परगावचा, नाहीतर वकील. आलेला माणूस दोन्ही होता. बेळगावचे दत्तोपंत वकील कोल्हापूरहून उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं परत निघाले होते, मोटारीचं टायर निपाणीच्या वेशीत फुटलं, आणि दुसरं बसवेपर्यंत चहा तरी पदरात पडावा म्हणून ते मारुतीरावांकडे आले होते. मारुतीरावांच्या वखारीचे सगळे दावे तेच चालवायचे, त्यामुळे चहावर त्यांचा हक्कच होता.

ओसरीवर टेकल्या टेकल्या ते दोनदा शिंकले आणि मग बातमी सांगितली. पुढच्या आठवड्यात बेळगावात कँपातल्या मैदानावर साहेबलोक मोटारींचं प्रदर्शन भरवणार होते. विकायच्या कोऱ्या मोटारी नव्हेत, लोकांच्या रोजच्या वापरातल्या. ज्यानं आपली मोटार सगळ्यांत चांगली राखली असेल त्याला चांदीचा कप. काळ्या लोकांच्या मोटारींनाही मज्जाव नव्हता.

"पण तुम्ही येऊ नका हो मारुतीराव," दत्तोपंत बशीत चहा ओतत म्हणाले. "परीक्षक आत बसायचा आणि शिंकायचा. शिंकता शिंकता कप दुसऱ्याला देऊन टाकेल."

मारुतीरावांना तंबाखूवरून कुणी बोललेलं खपत नसे. त्यांनी तिथल्या तिथं मष्णूला हाक मारली. मष्णू अंगणात येऊन उभा राहिला. खांद्यावर फडकं, पिळदार पण आता टोकांशी पिकलेल्या मिशा, पायात काही नाही. मोटार चालवतानाही तो वहाणा काढून ठेवायचा. पूर्वी मालकांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, हाकायचा तेव्हाची ती सवय.

त्याला सगळं सांगून झालं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पळवायची हाय, का नुसती दावायची?"

"नुसती दावायची. रूप बघणार."

मष्णूनं मान हलवली. मारुतीराव दत्तोपंतांकडे बघून हसले आणि पाहुण्यासमोर जसा माणूस सढळ होतो तसे सढळ झाले. म्हणाले, "मष्णू, कप आणलास तर औंदा बेंदराला सुट्टी. मागायचीबी गरज न्हाय."

आत चुलीपुढे मालुबाईंचा हात भाकरीवर थांबला. हे 'मागणं' काय आहे ते त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मालुबाई या घरात आल्या त्याच मुळी मष्णूच्या दमणीतून. माहेर संकेश्वरचं. वैशाखातलं लग्न, वरात निघायला उशीर झालेला, आणि घरप्रवेशाचा मुहूर्त टळू नये म्हणून सासरे पुढच्या गाडीतून सारखे ओरडत होते. दमणीला हरण्या आणि पाखऱ्या ही खिलारी जोडी होती. कणगल्याच्या पुढं, तवंदीच्या घाटाच्या आधी, मष्णूनं कुणाला न विचारता दमणी चिंचेखाली घेतली आणि जू उतरवलं. सासरे तणतणत आले. मष्णू बैलांच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "बैलं दमल्यात."

एवढंच. आणि सासऱ्यांसारखा तापट माणूस, तो धोतराचा सोगा सावरत चिंचेच्या बुंध्याशी जाऊन टेकला. बैल दमलेत याच्यावर कुणाला काय बोलता येतं? मालुबाई खाली उतरल्या, दोन ओंजळी पाणी प्याल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना धड श्वास घेता आला. नवरीमुलगी दमली असेल असं त्या दिवशी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. बैल दमले म्हणून तिला सावली मिळाली.

पुढं सासरे वारले, वखार वाढली, आणि मारुतीरावांनी मोटार घेतली. काळी कुळकुळीत, कापडी टपाची, भोंगा बाहेरच्या अंगाला. गल्लीतली माणसं बघायला जमली तेव्हा मारुतीराव पायरीवर एक पाय ठेवून सगळ्यांना सांगत होते, "हिला दाणा नको, वैरण नको, दम खायला नको." बैल अकोळच्या मळ्यावर गेले आणि तिथंच म्हातारे होऊन संपले. मष्णू महिनाभर कोल्हापुरात राहून मोटार शिकून आला, बेळगावात जाऊन परवानाही काढून आला. त्याला मोटार आवडली नाही असं कुणी म्हणू नये. तिच्या पोटातला आवाज जरा बदलला तर रस्त्यात कान लावून उभा राहायचा. फक्त त्याच्या पहिल्याच ज्येष्ठात त्याला कळलं की मारुतीराव म्हणाले ते खरं आहे. मोटारीला दम खायला लागत नाही. आणि जनावर थांबत नाही तेव्हा माणसालाही थांबता येत नाही.

आमच्या या भागात बेंदूर ज्येष्ठातल्या पुनवेला. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांना धुऊन, जिथं जू बसून बसून कातडं जाड झालेलं असतं त्या खांद्याला तेल-हळद चोळायची, अगदी अंगठ्यानं मळून. दुसऱ्या दिवशी शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग, बेगड, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास, आणि संध्याकाळी वेशीत आडव्या बांधलेल्या पानांच्या दोराखालून बैल पळवायचे. ज्याचा बैल तो दोर तोडील त्याच्या घरी वर्षभर मान. मष्णूचं घर कणगल्याला, अगदी सडकेला लागून. घरची एक जोडी होती, ती धाकटा भाऊ यल्लाप्पा बघायचा. पण त्यांच्या घरात खांदे मळायचे ते थोरल्यानं, अशी वाडवडिलांची रीत. दमणी होती तेव्हा प्रश्नच नव्हता. बेंदराला मालकाचे बैल जुपायचेच नसत. त्यांना न्हाऊमाखू घालून, नैवेद्य चारून मष्णू आपल्या गावाकडं सुटायचा.

मोटार आली आणि ज्येष्ठ-आषाढातच तंबाखूचे गुजराती व्यापारी येऊ लागले. आज बेळगाव, उद्या चिकोडी, परवा कोल्हापूर. मष्णू दर वर्षी बेंदराच्या आधी चार दिवस शेडाच्या दारात उभा राहून सुट्टी मागायचा, आणि मारुतीराव दर वर्षी तेच विचारायचे, "का रं, मोटार दमली व्हय?" वाईट मनानं नाही, थट्टेनंच. पण मोटार दमली असं मष्णूला कुठं म्हणता येणार? तो फडकं घेऊन पुन्हा काचांकडं वळायचा. खंडेनवमीला मोटारीला हार घालायचे, लिंबू बांधायचे, पण ती हत्याराची पूजा. हत्यार पुजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेतात. सहा बेंदरं अशीच गेली होती. कधीकधी तर बेंदराच्या दिवशीच बेळगावला जाताना मोटार त्याच्याच गावातून जायची. रंगवलेले बैल बाजूला घ्यावेत म्हणून तो लांबून भोंगा वाजवायचा, आणि घरासमोरून पुढं निघून जायचा.

तेव्हा कपाचं असं होतं. मारुतीरावांना तो दिवाणखान्यातल्या कपाटात हवा होता. मष्णूला तो एका दिवसासाठी हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून शेडात कामाला तोंड लागलं. मष्णूनं आधी गाद्या बाहेर काढल्या आणि काठीनं झोडल्या. त्यातून इतकी तंबाखूची पूड उडाली की शेजारचं मांजर भिंतीवरून पळालं ते संध्याकाळपर्यंत दिसलं नाही. गाद्या उन्हात टाकल्या, खाली कडुनिंबाचा पाला. चाकांच्या काड्या त्यानं एकेक करून, चिंधी दोरीसारखी ओढत, पुसल्या. बैलाच्या खुरातली माती काढावी तसा तो उकिडवा बसून चाकातली माती काढायचा आणि तोंडानं सवयीनं "हां, हां, पाय" असं म्हणायचा. पुढच्या दिव्यांच्या पितळी कड्या मालुबाईंनी त्याच्याकडून काढून घेतल्या आणि देवाच्या उपकरण्यांबरोबर चिंच-मिठानं घासल्या. पत्र्याला त्यांनी रिठ्याचं पाणी काढून दिलं. इरकली लुगडी ज्या पाण्यात धुवायची तेच. साबणानं रंग विटेल अशी त्यांना भीती. मारुतीराव येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, "आता हिला काजळ तेवढं राहिलंय."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मष्णू मागच्या दाराशी आला. हातात रिकामी वाटी होती.

"आक्का, करडीचं तेल हाय का वाटीभर?"

"कशाला? दिव्यात घालायला?"

"न्हाय. खांद्याला."

मालुबाई शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांना यात वावगं काहीच वाटलं नाही. उद्या जत्रेत दाखवायचं जनावर म्हटल्यावर आज त्याचे खांदे मळायला नकोत का? त्यांनी बुधल्यातून तेल ओतलं आणि आपल्या हातानं वर हळदीची चिमूट सोडली. मग तव्यावरची भाकरी उतरवून त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मष्णू मोटारीच्या नाकाडावर, म्हणजे इंजिनावरच्या त्या लांब झाकणावर, दोन्ही तळहात फिरवत होता. सावकाश, गोल, मधूनच अंगठ्यानं दाबून. सहा वर्षांत जे खांदे त्याच्या हाताला लागले नव्हते ते सगळे तो त्या पत्र्यावर मळत होता, असं मालुबाईंना वाटलं. मग चाकांवरचे चिखल अडवणारे पंखे झाले, दारं झाली. मारुतीराव वखारीतून आले तेव्हा मोटार अशी झळकत होती की त्यांनी तिच्यात बघून फेटा सारखा केला आणि थट्टा करायची राहूनच गेली.

सकाळी फटफटीत व्हायच्या आत ते निघाले. मागं मारुतीराव आणि मालुबाई, मालुबाईंच्या मांडीवर दशम्यांचा डबा. माघाचे दिवस, पाऊस होऊन किती महिने झालेले, आणि सडक तांबड्या मुरुमाची. तवंदीचा घाट चढून मोटार सपाटीला लागली. कणगलं आलं तसा मष्णूनं भोंगा वाजवला. सडकेच्या कडेला एका घराच्या दारात कुणीतरी बाई उभी होती, ती धुळीत दिसेनाशी झाली. मागून येणारी धूळ, पुढून गेलेल्या बैलगाड्यांची धूळ, आणि समोरून आलेल्या सर्व्हिस मोटारीनं उडवलेला तर मोठा लोटच.

संकेश्वरात मालुबाईंच्या माहेरी चहाला थांबायचं ठरलं होतं. मारुतीराव उतरले, मोटारीकडं वळून बघितलं आणि तसेच उभे राहिले. मोटार काळी राहिली नव्हती. नाकापासून शेपटीपर्यंत तांबडी, लव आल्यासारखी मऊ तांबडी. हुरमुंज फासलेला बैल दिसावा तशी. जिथं जिथं मष्णूचा हात फिरला होता तिथं तिथं तेलानं सडकेची धूळ धरून ठेवली होती.

मष्णूनं फडकं घेतलं आणि दारावरून फिरवलं. धुळीचा चिखल झाला आणि फडक्यामागं पट्टे उठले. बादलीभर पाणी मारलं, ते कमळाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळून गेलं. मारुतीरावांनी विचारलं, "काय लावलंतंस रं?" मष्णूनं सांगितलं. मारुतीरावांनी हात मागं बांधून मोटारीभोवती एक फेरी मारली, तसं मालुबाईंना राहवेना.

"तेल मी दिलं," त्या म्हणाल्या. "आन् तेल लावलेल्या अंगावर नुसतं पाणी ओतून कुणाचं निघालंय? डाळीचं पीठ लावा."

भावजयीनं डबाभर हरभऱ्याचं पीठ दिलं. मोटार हिरण्यकेशीच्या काठाला नेली आणि मष्णूनं, मारुतीरावांच्या मेहुण्यानं आणि शेवटी फेटा काढून ठेवून खुद्द मारुतीरावांनीही तिला पीठ चोळलं. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. एक म्हणाली, "दिवाळी होऊन गेली की वो आण्णा." दुसरी म्हणाली, "न्हाऊ घाला, पर आरतीला आमाला बोलवा." मालुबाई पदरात हसल्या. मष्णू हसला नाही. तो खाली वाकून पंख्याच्या आतल्या कडेचं पीठ बोटानं काढत होता, आणि उन्हं वर येत होती.

कँपाच्या मैदानावर ते पोचले तेव्हा मोटारी रांगेनं लागल्या होत्या. एका संस्थानिकाची लांबलचक मोटार, डॉक्टरांच्या दोन, सरकारी कंत्राटं घेणाऱ्या गुत्तेदारांच्या तीन-चार, बाकी साहेबांच्या. दत्तोपंतांनी रदबदली करून रांगेच्या शेवटी जागा मिळवली. परीक्षक एक पेन्शनीतला लष्करी साहेब, हातात पांढरे मोजे. मारुतीरावांच्या मोटारीपाशी येईतो त्याचे मोजे पांढरेच होते. लांबून बघून तो खूश झालेला दिसला, कारण मोटार खरोखरच स्वच्छ दिसत होती. त्यानं चाकं बघितली, गाद्यांवर हात दाबला, शिंकला नाही. मग इंजिनाच्या झाकणाला कडेनं ज्या फटी असतात त्यातल्या एका फटीत बोट घातलं. बोट पिवळं होऊन बाहेर आलं. त्यानं ते नाकाशी नेलं.

दत्तोपंतांनी इंग्रजीत सगळं सांगितलं. बैल, बेंदूर, तेल, धूळ, नदी, पीठ. साहेब इतका हसला की त्याला मोज्यानंच डोळे पुसावे लागले आणि गालाला पीठ लागलं. मग गंभीर होऊन त्यानं मष्णूला विचारलं की, ही मोटार तुला दगा देऊन कधी रस्त्यात उभी राहिली का? दत्तोपंतांनी ते मराठीत सांगितल्यावर मष्णू म्हणाला, "न्हाय. एकदाबी न्हाय." साहेबानं मान डोलावली आणि पुढं गेला. कप एका गुत्तेदाराच्या मोटारीला मिळाला. दत्तोपंत मारुतीरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढच्या वर्षी कांदाही चिरून आणा. साहेबाला भजी तरी मिळतील." मारुतीराव हसले. मष्णूनं फडक्याची घडी घातली, मग ती मोडून पुन्हा घातली.

रात्र दत्तोपंतांकडे काढून दुसऱ्या दिवशी ते परत निघाले. कप नाही म्हणजे बेंदूरही नाही. वंटमुरीचा घाट गेला, हत्तरगी गेली. मालुबाईंना समोर मष्णूची मान दिसत होती. दमणीतून येतानाही हीच मान समोर होती. तेव्हा ती सारखी इकडं-तिकडं वळायची, बैलांशी बोलायची, झाडाची सावली हेरायची. आता ती सरळ होती आणि जरा खाली गेलेली. संकेश्वर मागं पडलं, मोटार चढाला लागली, आणि कणगल्याच्या अलीकडं इंजिनाच्या झाकणाखालून वाफ यायला लागली.

मष्णूनं मोटार कडेला घेतली. नाकाडातल्या टाकीतलं पाणी आटलं होतं. संकेश्वरात न चुकता भरायचं ते पाणी तो भरायला विसरला होता. या मोटारीत आजवर कधी असं झालं नव्हतं, आणि कालच त्यानं साहेबाला छातीठोकपणे सांगितलं होतं. मारुतीराव वैतागून म्हणाले, "आज काय झालंय रं तुला?" मष्णू झाकण उघडायला गेला, वाफ अंगावर आली तसा मागं सरला आणि पुन्हा पुढं गेला.

मालुबाईंच्या तोंडून एकदम गेलं, "मष्णूदा दमलाय."

हे वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मारुतीरावांनी बायकोकडं बघितलं, मग मष्णूच्या अनवाणी पायांकडं. नुसते रस्त्यावर टेकलेले, धुळीनं तांबडे झालेले पाय.

तेवढ्यात शेताच्या वाटेनं एक बाई डोक्यावर घागर घेऊन झपाझपा येताना दिसली. मष्णूची बायको गुणाबाई. गावाशी येताना मोटारीचा आवाज थांबलेला तिनं ऐकला होता आणि काय झालं असेल ते ओळखून विहिरीवरची भरलेली घागर घेऊन निघाली होती. आल्या आल्या तिनं ओंजळभर पाणी मोटारीच्या पुढच्या चाकावर घातलं, मग दुसऱ्या. दुरून आलेल्या बैलाच्या पायावर घालतात तसं. मग घागर नवऱ्याच्या हातात दिली.

मारुतीरावांनी तिला विचारलं की, आमचीच मोटार आहे हे तुला एवढ्या लांबून कसं कळलं? ती पदर पुढं ओढून म्हणाली, "आवाज वळकते की. भोंगा तर रोजचाच. बेळगावच्या अंगाला वाजत गेला की त्या राती ह्ये घरी येत न्हाईत, मी एक भाकरी कमी थापते."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पाऊस कुठल्या अंगानं येतो ते सांगावं तसं सांगितलं. पण मारुतीराव सडकेच्या कडेला जाऊन शेतांकडं तोंड करून उभे राहिले. मष्णूनं झाकण निवू दिलं, मग सावकाश पाणी ओतलं. घागर रिकामी झाली. गुणाबाईनं ती काखेत घेतली.

मारुतीराव परत आले. म्हणाले, "मष्णू, कपाचं सोड. औंदा बेंदराला हिकडंच ऱ्हा. आदल्या दिवशीच ये, खांदं मळायला. मोटारीचं मी बघतो. स्टँडावरच्या शामूला सांगतो, तो चालवील दोन दिस."

मालुबाईंना वाटलं, आता याचं तोंड उजळेल. गुणाबाईनं तर नवऱ्याकडं एकदा बघूनही घेतलं. पण मष्णू फडक्यानं हात पुसत राहिला, बोटाच्या पेरापेरातनं, जणू त्याला अजून तिथं तेल लागलेलं होतं. मग फडकं खांद्यावर टाकलं.

"आप्पा, रागावू नगासा," तो म्हणाला. "शामू चालवील, चांगला पोरगा हाय. पर मी हितं आलो आन् मोटार पळतच ऱ्हायली, तर ती माझी सुट्टी झाली. बेंदूर न्हवं."

"मग काय म्हणतोस?"

मष्णूनं तळहात मोटारीच्या नाकाडावर ठेवला. पत्रा अजून गरम होता, तरी त्यानं हात काढला नाही.

"एकच मागतो. त्या दिवशी हिला शेडातच उभी ऱ्हाऊ द्या."